कडेवरचं

सोमवार, २० नोव्हेंबर १९७८
दहिवली

पोचले एकदाची. ट्रंक, वळकटी आणि आईच्या डिंकाच्या लाडवांचा डबा, तिन्ही शाबूत. खोली अंबाबाईंच्या घरावर माडीला आहे, जिना बाहेरून. खिडकीतून उल्हास नदी दिसते आणि पलीकडे कर्जतची घरं. अंबाबाईंचे यजमान रेल्वेत आहेत, मुलं नाहीत. मी ट्रंक ठेवायच्या आत त्यांनी चहा आणून दिला आणि पाणी किती वाजता येतं, कुठला कावळा रोज खिडकीत येतो, हे सगळं सांगून टाकलं. मला त्या फार आवडल्या.

ठाण्यात आमच्या दोन खोल्यांत सात माणसं. पाठच्या तिघांना कडेवर घेऊनच मी मॅट्रिकचा अभ्यास केला. आज आयुष्यात पहिल्यांदा माझी स्वतःची खोली! मधोमध उभी राहून दोन्ही हात पसरून पाहिले, कशालाच लागले नाहीत.

उद्या संस्थेत रुजू व्हायचं. हुद्दा ‘संगोपन निरीक्षक’. आईला हे पोलिसातलं काहीतरी वाटतं.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

कार्यालय खालापूरला, म्हणजे रोज एस.टी. पण मला खिडकी मिळते, तक्रार नाही. आमची संस्था अनाथ मुलांना आश्रमात कोंडत नाही, शेतकऱ्यांच्या घरी सांभाळायला देते. दोन तालुक्यांत मिळून एकतीस मुलं. प्रत्येक मुलाला दोन-तीनदा भेटून त्याला किती काळजी लागते ते ठरवायचं, हे माझं काम. श्रेण्या तीन: साधी, जास्त, विशेष.

त्यासाठी एक पत्रक आहे. खाणं, झोप, बोलणं, चालणं, स्वच्छता, भीती अशी सहा घरं. प्रत्येकात शून्य ते तीन गुण. काहीच मदत लागत नसेल तर शून्य, सगळंच करावं लागत असेल तर तीन. पाचपर्यंत साधी, अकरापर्यंत जास्त, बारापासून पुढे विशेष. विशेष मुलाकडे डॉक्टर दर पंधरवड्याला जातात, दुधाची पावडर मिळते, आणि त्या घरात दुसरं मूल देत नाहीत. आमचे जुने लेखनिक आबाजी थोरवे म्हणाले, पत्रक भरताना कनवाळूपणा करायचा नाही, नुसतं बघायचं. मला ते पटलं. बघणं हीच मोठी गोष्ट आहे.

आज पहिली मुलगी पाहिली, सोनुबाई, पाच वर्षांची. घरचे म्हणत होते की पोर मंद आहे. मी तिच्या उजव्या बाजूला बसून हाक मारली की ती वळायची, डाव्या बाजूने मारली की नाही. एका कानाने ऐकू येत नाही, एवढंच! गुण सात. परत येताना एस.टी.त मी एकटीच हसत होते.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

आज कळंबला. एस.टी. सोडून वीस मिनिटं शेतातून चालत. भात झोडून झालंय, त्याच वावरात वाल उगवून वर आलाय. शेवटच्या घरात गोदूबाई आणि तिचा नवरा कोंडाजी राहतात, दोघंही पन्नाशीचे. त्यांच्याकडे चार वर्षांपासून गौरा आहे. वय नऊ, दिसते सहाची.

आधीच्या निरीक्षकबाईंनी (लग्न होऊन त्या नागपूरला गेल्या) हिला विशेष श्रेणी दिली आहे. पण मी बसले आणि गोंधळले. मुलगी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर देते. शंभरपर्यंत मोजते. स्वतः आंघोळ करते, केस स्वतः विंचरते. मग काळजी कसली लागते?

तरी काहीतरी आहे. ती डावीकडे कललेली उभी राहते, कमरेतून. डावा हात कमरेपाशी वाकवलेला असतो, सोडतच नाही. आणि ती स्थिर नसते. एका पायावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, सारखी झुलत असते. मधूनच उजव्या हाताने काहीतरी वर सरकवल्यासारखं करते. फ्रॉकची डावी बाजू ओली होती. मी पाठीवरून हात फिरवायला गेले तर ती चटकन उजवीकडे वळली, म्हणजे डावी बाजू माझ्यापासून लांब नेली.

गोदूबाईला विचारलं. ती म्हणाली, सवय हाय तिची. आणि चुलीकडे गेली.

गुण आज दिले नाहीत.

शुक्रवार, १ डिसेंबर

आबाजींना गौराबद्दल विचारलं. डॉक्टर पंधरवड्याला जातातच, दोनदा तर पूर्ण तपासणी केलीय. पाठीचा कणा सरळ, हात चांगला, अंगात पोलिओ नाही. खाते दोन माणसांचं, पण अंगाला लागत नाही. जंताचं औषध देऊन झालं.

फाइल उघडून पाहिली. आई पाताळगंगेच्या काठी वीटभट्टीवर कामाला होती. तापाने गेली, चार वर्षांपूर्वी, माघात. बाप आधीच नव्हता. त्याखाली एक ओळ आहे: ‘धाकटी बहीण, वय आठ महिने, त्याच दिवशी मृत.’ नाव लिहिलेलं नाही.

म्हणजे दुःखाने पोर अशी झाली असणार. कडेवर बहीण आहे असं तिला वाटत राहतं. असं होतं, आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मला एकदम हलकं वाटलं. कारण सापडलं की मला हलकं वाटतं.

मंगळवार, ५ डिसेंबर

आज सकाळी आठपासून चारपर्यंत गौराजवळ बसले. नुसतं बघायचं ठरवलं होतं.

दुपारी ती जेवायला बसली. गोदूबाईने न सांगता दोन ताटं वाढली, एक साधं आणि एक दुधात कालवलेला मऊ भात. गौराने आधी मऊ भात घेतला. त्याचे बोराएवढे घास करून डाव्या बाजूला, छातीच्या उंचीवर धरत होती. मी समोर होते, दोन हातांवर. घास तिथे धरायची, जरा थांबायची आणि बोटं रिकामी परत यायची.

जमिनीवर भात नव्हता. फ्रॉकवर नव्हता. तिच्या तोंडात गेला नाही हे मी शपथेवर सांगेन. तेवीस घास मोजले. शेवटी तिने पदराने पुसावं तसं फ्रॉकच्या टोकाने हवेत काहीतरी पुसलं. मग स्वतः जेवली, भराभर, उजव्या हाताने, झुलत.

कोंडाजी ओट्यावर दोरी वळत होता. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. बघितलंत ना, असं म्हणायचं असेल त्याला.

परतीच्या एस.टी.त जागा असून मी उभीच राहिले. बसवेना.

शनिवार, ९ डिसेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. पत्रकाच्या शिस्तीने.

वजन करायचं म्हणून गौराला कळंबच्या भातगिरणीत नेलं. गोदूबाई बरोबर होती. गिरणी जेवणाच्या सुट्टीत बंद होती, मालकाने काटा वापरू दिला आणि तो घरी गेला. वेळ भर दुपारची. दारातून ऊन आत आलेलं, जमिनीवर सगळीकडे कोंड्याचा मऊ थर.

गौरा काट्यावर उभी राहिली. बावीस किलो. त्या हातापायांकडे बघून मला ते खरं वाटेना. मी तिला म्हटलं, गौरा, डावा हात खाली सोड बाळ, जरा वेळच. तिने मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. गोदूबाई म्हणाली, बाई, नका सांगू तिला. पण मी निरीक्षक! मी म्हटलं, एक मिनिट फक्त.

गौरा काट्यावरून उतरली. गुडघ्यावर बसली, आणि अगदी हळू, दोन्ही हातांनी, काहीतरी जमिनीवर ठेवलं. मग उठून काट्यावर उभी राहिली. सरळ उभी. मी तिला सरळ पहिल्यांदाच पाहत होते.

साडेपंधरा.

मी काट्यावरून नजर काढली आणि खाली पाहिलं. तिने जिथे ठेवलं होतं तिथला कोंडा दबला होता. लहान मूल बसल्यावर दबावा तेवढा, आणि पुढे दोन खळगे, टाचांचे. मी बघत असताना त्यातला एक खळगा लांब झाला.

गौराने दोन्ही कान गच्च दाबले होते. तिला काहीतरी ऐकू येत होतं, मला नाही. नाकातून रक्ताची धार लागली. तिने उडी मारून जमिनीवरचं उचललं, कडेवर घेतलं आणि झुलायला लागली. रक्त थांबलं.

साडेसहा किलो.

आकडे पुन्हा तपासले, बरोबर आहेत.

मंगळवार, १२ डिसेंबर

कार्यालयात काही सांगितलं नाही. काय सांगणार? सारखी येरझारा घालतेय. अंबाबाईंनी खालून विचारलं, काही हरवलंय का. आज रजा टाकून कळंबला गेले. गौरा विहिरीवर होती. गोदूबाईला वावराच्या बांधावर बसवलं आणि म्हटलं, मला खरं सांगा.

तिने सांगितलं. गौराची आई भट्टीवरच्या झोपडीत मरायला टेकली तेव्हा तिने तान्ही गौराच्या कडेवर दिली आणि म्हणाली, हिला बघ, खाली ठेवू नको. पाच वर्षांची पोर. तान्ही संध्याकाळच्या आत गेली. बायांनी ती गौराच्या हातातून काढून नेली आणि नदीकाठी पुरली. पण गौराला कुणी जवळ घेतलं नाही, की आता तुझं काम झालं, असं कुणी सांगितलं नाही. तिचा हात तसाच वाकलेला राहिला. रिकामा. तीन दिवस. चौथ्या दिवशी भट्टीवरच्या बायांनी पाहिलं, पोर एका अंगाला कलली होती.

मी म्हटलं, म्हणजे बहिणीचं भूत.

गोदूबाईने मान हलवली. तिचे शब्द जसे होते तसे लिहिते:

“आमी पन तसंच म्हनत होतो. पन मेलेलं पोर वाढत नाय, बाई. हे वाढतं. आली तवा सशावानी हलकं होतं.”

मग तिने पदर तोंडाला लावला. तिची स्वतःची चार लेकरं गेली. ती म्हणाली की गौराच्या कडेवरून घ्यायचं असेल तर कुणीतरी तोंडाने मागायला हवं, हे तिला पहिल्या वर्षीच कळलं. पोरीनेच सांगितलं होतं, मागितलं तर द्यावं लागतं म्हणून. दोनदा तिला वाटलं की म्हणावं, दे इकडं. जीभ उचलली नाही.

“चार वर्सं मी त्या लेकराला राबताना बघतीय. मला लाज वाटती. पन भ्या त्याहून मोठं हाय.”

मी पत्रक काढलं आणि गौराच्या नावापुढे लिहायला लागले. खाणं शून्य. झोप... बोलणं शून्य. या मुलीला विशेष काळजी लागत नाही. ही विशेष काळजी घेते आहे. चार वर्षं. आणि आम्ही तिला दुधाची पावडर देतोय.

शुक्रवार, १५ डिसेंबर

सकाळी गोदूबाईचा निरोप आला, गौरा पडली. डॉक्टरांना घेऊनच गेले. त्यांनी छाती ऐकली, बराच वेळ ऐकली. बाहेर येऊन म्हणाले, हृदयावर ताण आहे, एखाद्या हमालासारखा. या वयात असं पाहिलं नाही. पूर्ण विश्रांती हवी, नाहीतर महिना-दोन महिने.

पूर्ण विश्रांती.

ते गेल्यावर मी आत गेले. गौरा भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटत होते, आणि तरी बसल्या बसल्या झुलत होती. ओठ निळे. डावा हात तसाच. मला ठाण्याची आमची मोरी आठवली, माझ्या कडेवरचा रडका भाऊ आठवला, आणि संध्याकाळी आई कामावरून आली की तिचे ते दोन हात पुढे यायचे ते आठवले. दे इकडे, दमलीस ना? मला रोज कुणीतरी असं म्हणत होतं.

मी विचार केला असं म्हणणार नाही. मी हात पुढे केले.

“दे माझ्याकडे. आता मी बघते.”

गौराने डोळे उघडले. माझे पुढे केलेले हात पाहिले. मग मला बारीक आवाजात समजावून सांगितलं. दूध कोमट लागतं. थांबलेलं आवडत नाही. मान अजून कधीकधी धरावी लागते. आणि तिने दिलं.

जड आहे. ओलसर, गरम. दिसत नाही. ब्लाउजची बाही मुठीत धरली आहे, ती चुरगळलेली दिसते.

गौरा तिथल्या तिथे आडवी झाली आणि झोपली. दोन्ही हात पसरून.

शनिवार, १६ डिसेंबर

डाव्या हाताने कागद धरता येत नाही, त्यावर पेपरवेट ठेवून लिहितेय. उभ्यानेच. बसले की ते अंग ताठ करतं.

दूध घेतं. आंबट वास येतो. मानेवर श्वास लागतो, तो गार आहे. अंग गरम आणि श्वास गार.

सकाळी एकदा गादीवर ठेवून पाहिलं. त्याचा आवाज कसा ते लिहिता येणार नाही. कानात नव्हता, दातांत होता. उशीवर रक्त पडलं. उचललं.

चार वर्षं! नऊ वर्षांची पोर!

सोमवार, १८ डिसेंबर

कार्यालयात गेले. आबाजी म्हणाले, बाई, कंबर भरलीय का? हो म्हटलं. परतताना आम्ही एकाच एस.टी.त होतो, उतरताना त्यांनी माझी पिशवी बघून हात पुढे केला. म्हणाले, द्या, मी घेतो— मी त्यांच्या अंगावर ओरडले. सगळा थांबा बघत राहिला. त्यांना पिशवीच हवी होती हे मला कळत होतं. पण ते तोंडाने मागत होते.

बिचारे फार ओशाळले.

संध्याकाळी पत्रक भरलं. त्याचं. काम करत राहिलं की धीर राहतो. खाणं तीन, झोप तीन, बोलणं तीन, चालणं तीन, स्वच्छता तीन, भीती... त्याची की माझी? तीन लिहिलं. अठरा. विशेष.

रविवार, २४ डिसेंबर

कळंबला गेले. गौरा अंगणात दोरीवर उड्या मारत होती! घामाघूम. गाल भरलेत. सरळ उभी राहते. गिरणीत वजन केलं, सतरा. डॉक्टरांनी छाती ऐकली आणि हसले.

तिचं पत्रक आज पूर्ण केलं. श्रेणी साधी. हे लिहिताना मला रडू आलं. जे होईल ते होवो, हे एक खरं काम माझ्या हातून झालं.

निघताना ती जवळ आली. माझ्या कमरेकडे बघत होती. हळूच विचारलं, मऊ भात खाते का? मग म्हणाली की हात मोकळा मोकळा लागतो, झोप लागत नाही कधीकधी.

तेव्हा ते माझ्या खांद्यावरून तिच्याकडे वाकलं. मला तोल सावरावा लागला. मी निघून आले, जवळजवळ पळत.

आता कळंबला जायचं नाही.

बुधवार, २७ डिसेंबर

कर्जत स्टेशनवर वजनाच्या मशीनवर उभी राहिले. ऑक्टोबरात ठाण्याला सत्तेचाळीस होते. कार्डावर एकोणसाठ. मागे भविष्य छापलेलं होतं, वाचलं नाही.

बारा किलो. बारा दिवसांत साडेसहाचे बारा. गौराकडे चार वर्षांत जेवढं वाढलं नाही—

लहान मुलीचं खात होतं म्हणून हळू वाढत होतं. आता मोठं माणूस मिळालंय.

शनिवार, ३० डिसेंबर

रजा टाकली. अंबाबाई पेज करून आणतात, दाराशी ठेवायला सांगते. त्या विचारतात, काय हवंय, मी काय करू. मी दार ढकलून धरते, त्यांनी पुढचं वाक्य बोलू नये म्हणून. चांगल्या बाईशी असं वागावं लागतं.

मान आता स्वतः धरतं. घास हातातून ओढून घेतं. पत्रक पुन्हा भरलं. तेरा.

अठराचे तेरा. सुधारणा आहे. हे मी लिहिलं आणि नंतर पेन खाली ठेवून कितीतरी वेळ चालत राहिले. खिडकी ते दार. दार ते खिडकी.

मंगळवार, २ जानेवारी १९७९

काल बोललं. एकच शब्द. माझ्या आवाजात. “दे.”

दहा वाजता खालून शाळेची मुलं जातात. तेव्हा ते खिडकीकडे वळतं. सगळं वजन तिकडे. आज मी गज धरून उभी राहिले, नाहीतर— कुलूप लावलं खिडकीला. म्हणजे दोरी बांधली. कुलूप नाही.

मी त्याला नको आहे. मी नुसता त्याचा खुराक आहे. त्याला परत लहान कंबर हवी—

तसं होऊ देणार नाही.

गुरुवार, ४ जानेवारी

नऊ गुण. श्रेणी जास्त. विशेष नाही आता.

मांडीवर टाचा रोवून उभं राहायला बघतं. निळे डाग पडलेत, दोन-दोन, जोडीने. डाव्या पायात बळ नाही. जिना उतरवत नाही.

आईला पत्र लिहिलं. येऊ नका असं लिहिलं. धाकटीला तर मुळीच आणू नका. अंबाबाईंना दाराखालून सरकवलं.

केस विंचरायचे राहिलेत. कधीपासून? झुलत झुलत लिहिलं की अक्षर असं येतं.

शनिवार, ६ जानेवारी

सकाळचे अकरा. ऊन आहे. खाली आवाज. अंबाबाई कुणाशी तरी बोलतायत, वर घेऊन जा म्हणतायत. गोदूबाईचा आवाज. मी आजारी आहे असं आबाजींकडून कळलं म्हणून भेटायला—

गौरा बरोबर आहे.

मी ओरडले, वर येऊ नका. गोदूबाई थांबली असावी. लहान पावलं थांबली नाहीत. जिना चढतायत. कडी लावली. ट्रंक दाराला लावली.

ती दारापाशी आहे. म्हणते, बाई, उघडा. म्हणते, तुमी दमलात, मला माहीत हाय किती दमतं ते. माझी पोर. तिला कुणी शिकवलं नाही हे. तिला राहवत नाही.

मी म्हटलं, गौरा, जा. मागू नको. काही झालं तरी तोंडाने मागू नको. ती रडतेय. म्हणते, मग ती दूध कुनाकडं—

मी दोन्ही हातांनी धरलं होतं. आता पेन उजव्या हातात. एकाच हाताने धरलंय. लिहायला नको, पण कुणाला तरी कळायला हवं. जो वाचेल त्याने पोरीला इथून लांब

सुटलं.

उतरलं. मांडीवरून उतरलं. आवाज नाही. दातांत काही नाही. नाकातून रक्त नाही. माझा हात हलका झाला—

चालतंय. फरशीवर ओली पावलं उमटतायत, माझ्यापासून दाराकडे. एक. दुसरं. पडत नाही. धरावं लागत नाही.

ट्रंक सरकली. माझ्याच्याने उठवत नाही, पाय—

गौरा, पळ. गौरा

दारावर ओला हात उमटला. खाली. मग त्याच्या वर एक. मग त्याच्या वर. कडी हल